खालचा संगणक, वरचा लॅपटॉप: घरातल्या घरात फोल्डर उघडत नसेल तर

आमचं घर लातुरात. खाली बैठकीत थोरल्या भावाचा डेस्कटॉप आहे. तो आडत दुकानाचे हिशोब लिहितो. वर गच्चीलगतच्या खोलीत पुतणी नीटचा अभ्यास करते, तिच्याकडे लॅपटॉप. तिच्या क्लासच्या रेकॉर्डिंग्ज, स्कॅन केलेल्या नोट्स, सराव पेपर हे सगळं खालच्या डिस्कवर आहे, कारण लॅपटॉपमध्ये जागा नाही. दोन्ही यंत्रं वाय-फायवर जोडलेली, त्यामुळे ती वरूनच खालचं फोल्डर उघडते. एका रात्री साडेनऊला ती जिन्यात येऊन उभी राहिली. "काका, काल चालू होतं की. आज फोल्डर उघडंनाच." दुसऱ्या दिवशी सकाळी तिची टेस्ट होती.

ही तक्रार मी गल्लीतल्या कितीतरी घरांत ऐकली आहे. दुरुस्तीची पद्धतही सगळीकडे सारखीच दिसते. कुणीतरी येतं, फायरवॉल (जाळ्यावरून येणाऱ्याला अडवणारा संगणकातला पहारेकरी) बंद करतं, पासवर्ड काढून टाकतं, सगळ्यांना सगळं मोकळं करून देतं आणि "झालं" म्हणून निघून जातं. फोल्डर उघडतं. पण काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि घराचा दरवाजा सताड उघडा राहतो. हा लेख त्या पद्धतीच्या विरोधात आहे. बिघाड जवळजवळ नेहमी कुठल्यातरी एकाच ठिकाणी असतो. क्रमाने गेलात तर तो अर्ध्या तासात सापडतो आणि तेवढाच दुरुस्त करता येतो.

क्रम लक्षात ठेवायला मी आपल्याकडचा जुना वाडा डोळ्यांसमोर आणतो. पाहुण्याला आधी गल्ली बरोबर सापडली पाहिजे. मग दिंडी उघडी पाहिजे. मग ढेळजेत बसलेला म्हातारा विचारणार, "कुणाचा रं तू?" ओळख पटली की आत. आणि आत आल्यावरही कोठीची किल्ली सगळ्यांच्या हातात नसते. रस्ता, दरवाजा, ओळख, किल्ली. दोन संगणकांमध्येही हेच चार टप्पे आहेत, याच क्रमाने.

सुरू करण्याआधी

ज्या संगणकावर फाइल्स आहेत त्याला या लेखात मी "खालचा" म्हणतो आणि जिथून त्या बघायच्या आहेत त्याला "वरचा". तुम्ही तुमची नावं द्या, पण द्याच. बहुतेक बदल खालच्यावर करायचे असतात आणि लोक वरच्यावर बसून तासभर बटणं दाबत राहतात.

दोन्हींवर विंडोज १० किंवा ११ आहे असं धरून लिहितो. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षेची अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी मराठवाड्यातल्या घराघरांत ते आजही चालू आहे आणि पुढची पद्धत त्यालाही लागू पडते. विंडोज ७ असेल तर मात्र त्यावर वेळ घालवू नका. त्याचा आधार १४ जानेवारी २०२० लाच थांबला. असा संगणक घरच्या जाळ्यात, म्हणजे नेटवर्कमध्ये, जोडणंच धोक्याचं.

आता वरच्यावर फोल्डर उघडताना येणारा संदेश नीट वाचा. "ओके" दाबून घालवू नका. बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते तोच सांगतो.

"नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड" असं आलं, सोबत बहुधा शून्य-एक्स-८००७००३५ हा आकडा असतो, तर पाहुणा ढेळजेपर्यंत पोचलेलाच नाही. रस्ता किंवा दरवाजा बघा. नाव आणि पासवर्ड विचारणारी "एंटर नेटवर्क क्रेडेन्शियल्स" ही चौकट पुन्हा पुन्हा येत असेल तर दोन्ही ठीक आहेत, ओळख पटत नाही. आणि "अ‍ॅक्सेस इज डिनाइड" किंवा "यू डू नॉट हॅव परमिशन" आलं तर बहुतेक वेळा ओळखही पटली आहे, किल्ली नाही. सरळ त्या टप्प्याकडे गेलात तरी चालेल.

रस्ता: दोघं एकाच जाळ्यात आहेत का?

आधी साधी गोष्ट. खालचा चालू आहे का? चालू म्हणजे जागा. दहा-पंधरा मिनिटं कुणी हात लावला नाही की बरेच संगणक झोपतात आणि झोपलेला संगणक कुणाला दार उघडत नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात पॉवर, तिथं स्लीपची वेळ "नेव्हर" करा. स्क्रीन बंद झाली तर चालते, संगणक झोपायला नको.

मग वरचा कुठल्या वाय-फायवर आहे ते बघा. लाईट गेली की पोरं फोनचा हॉटस्पॉट लावतात, लाईट आल्यावर लॅपटॉप हॉटस्पॉटवरच राहतो. इंटरनेट छान चालतं, म्हणून शंका येत नाही. पण त्या वेळी तो लॅपटॉप घरच्या जाळ्यात नसतोच. पाहुण्यांसाठीचं वेगळं गेस्ट वाय-फाय असेल तर तेही या कामाला चालत नाही. गेस्टवरच्या यंत्रांना घरातली इतर यंत्रं दिसू नयेत यासाठीच ते असतं.

आता दोघांचे पत्ते बघू. विंडोजच्या शोधपेटीत सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत सलग लिहा: आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी. एंटर दाबल्यावर "आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस" अशी ओळ दिसेल, समोर १९२.१६८.१.७ सारखा आकडा. दोन्ही संगणकांवर हेच करा आणि आकडे कागदावर लिहा.

घरात पहिले तीन भाग सारखे आणि शेवटचा वेगळा असायला हवा. खालचा १९२.१६८.१.७ आणि वरचा १९२.१६८.१.१२ असेल तर गल्ली एकच. एखाद्याचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि त्याने स्वतःच काहीतरी लावून घेतलंय. वाय-फाय तोडून परत जोडा, नाहीतर राउटर एकदा बंद-चालू करा.

तिसरा भाग वेगळा निघाला, म्हणजे एकाचा १९२.१६८.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०, तर घरात दोन राउटर आहेत आणि दोघंही पत्ते वाटतायत. आमच्या शेजारच्या सरांकडे नेमकं हेच होतं. खाली फायबरची पेटी. स्लॅबमधून वाय-फाय वर पोचत नाही म्हणून त्यांनी जुना राउटर वर लावला आणि खालून आलेली वायर त्याच्या इंटरनेटच्या भोकात, म्हणजे "वॅन" लिहिलेल्या, घातली. त्यामुळे वर एक वेगळं जाळं तयार झालं. याची खूण मजेशीर आहे: वरून पत्ता टाकला तर खालचं फोल्डर कधी कधी उघडतं, खालून वरचं मात्र कधीच नाही. वरच्या राउटरमध्ये "अ‍ॅक्सेस पॉइंट मोड" असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर आधी त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करा. त्याचा स्वतःचा पत्ता खालच्या पेटीच्या जाळ्यातला पण कुणी वापरत नसलेला ठेवा, आणि मगच वायर "लॅन"च्या भोकात घाला. उलट क्रमाने केलंत तर दोघंही पत्ते वाटायला लागतील आणि घरभर इंटरनेटचा गोंधळ होईल.

पत्ते जुळले की वरच्या काळ्या खिडकीत पिंग लिहा, एक जागा सोडून खालच्याचा पत्ता लिहा, एंटर दाबा. येणारं उत्तर बारकाईने वाचा, बरेच जण इथं फसतात. "रिप्लाय फ्रॉम" च्या पुढे खालच्याचा पत्ता आणि शेवटी वेळ आली तर रस्ता साफ. पण कधी कधी "रिप्लाय फ्रॉम" च्या पुढे वरच्याचा स्वतःचाच पत्ता येतो आणि ओळीच्या शेवटी "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल". रिप्लाय हा शब्द बघून लोक खूश होतात, पण तो नकार आहे. त्या पत्त्यावर कुणी भेटलंच नाही. संगणक बंद किंवा झोपलेला असेल, पत्ता चुकला असेल, नाहीतर राउटरने वाय-फायवरच्या यंत्रांना एकमेकांपासून तोडलं असेल. राउटरच्या सेटिंगमध्ये याला "एपी आयसोलेशन" किंवा "क्लायंट आयसोलेशन" म्हणतात, ते बंद करायचं.

"रिक्वेस्ट टाइम्ड आउट" आलं तर गोष्ट वेगळी. एकाच जाळ्यात याचा अर्थ बहुतेक वेळा असा की खालचा आहे जागेवर, पण दार लावून बसलाय. पुढच्या टप्प्याकडे चला.

दरवाजा: पब्लिक की प्रायव्हेट?

विंडोज प्रत्येक जाळ्याला दोनपैकी एक शिक्का मारतं. पब्लिक म्हणजे बसस्टँड, प्रायव्हेट म्हणजे घर. पब्लिक शिक्का असेल तर संगणक लपून बसतो, कुणाला उत्तर देत नाही. हे चांगलंच आहे, बसस्टँडवर असंच वागायला हवं. अडचण इतकीच की नवीन वाय-फायला जोडताना विंडोज बहुधा पब्लिकच धरतं, आणि राउटर बदलला किंवा वाय-फायचं नाव बदललं की ते त्याच्या लेखी नवीन जाळं असतं. म्हणून नवी फायबरची पेटी बसवली की शेअरिंग बंद पडतं.

खालच्यावर जा. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, जोडलेल्या वाय-फायचं किंवा इथरनेटचं प्रॉपर्टीज. तिथं "प्रायव्हेट नेटवर्क" निवडा. वरच्यावरही तेच.

मग खालच्यावर "अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज" उघडा. विंडोज ११ मध्ये ते नेटवर्क अँड इंटरनेटमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जच्या आत आहे. विंडोज १० मध्ये कंट्रोल पॅनेल, नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, डावीकडे दुवा. प्रायव्हेटच्या रकान्यात "नेटवर्क डिस्कव्हरी" आणि "फाइल अँड प्रिंटर शेअरिंग" ही दोन चालू करा. पब्लिकच्या रकान्यात दोन्ही बंदच राहू द्या. हे केल्यावर विंडोजची फायरवॉल घरच्या जाळ्यासाठी आपोआप वाट मोकळी करते. ती अख्खी बंद करायची गरज कधीच पडत नाही.

पडतेय असं वाटलं तर बहुधा संगणकावर दुसऱ्या कंपनीचं अँटीव्हायरस आहे आणि त्याची स्वतःची फायरवॉल आहे. त्याच्या सेटिंगमध्ये जाळ्याला "होम" किंवा "ट्रस्टेड" करा. खात्री करायची म्हणून दोन मिनिटं ते थांबवून बघितलं तर ठीक, पण बघून झालं की लगेच चालू करा.

इथंच एक कळकळीची गोष्ट सांगतो. जुन्या व्हिडिओंमध्ये सर्रास सांगतात की "विंडोज फीचर्स"मध्ये जाऊन एसएमबी १ चालू करा. करू नका. दोन संगणक फाइल्ससाठी ज्या भाषेत बोलतात तिचं नाव एसएमबी, आणि तिची ही पहिली, फार जुनी आवृत्ती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर लाखो संगणक कुलूपबंद केले ते याच आवृत्तीतल्या भगदाडातून. त्याच वर्षीच्या शरद ऋतूतल्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने नव्या विंडोज १० मध्ये ती बसवणंच थांबवलं. तुमच्या दोन्ही संगणकांना नवी भाषा येते. जुनीची गरज नाही. तसंच राउटरवर ४४५ हे पोर्ट (फाइल शेअरिंगची वाट) बाहेरच्या जगासाठी उघडा असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ते म्हणजे कोठीचं दार थेट हमरस्त्यावर काढणं.

नावाने सापडत नाही, पत्त्याने सापडतं

हा छोटा मुद्दा आहे, पण नवख्यांना फार छळतो. फाइल एक्सप्लोररमध्ये डावीकडे "नेटवर्क"वर दाबलं की खालच्याचं चित्र दिसायला हवं असं वाटतं, आणि ते दिसत नाही. त्या यादीवर विसंबू नका. एक्सप्लोररच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेषा आणि खालच्याचा पत्ता टाइप करा, असं: \\१९२.१६८.१.७ (आकडे इंग्रजीत टाकायचे). फोल्डरं दिसली तर जाळं ठीक आहे, फक्त यादी बिघडलीय. यादी दुरुस्त करायची असेल तर खालच्यावर "सर्व्हिसेस" उघडून "फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन" ही सेवा ऑटोमॅटिक करून चालू करा.

आणखी एक शक्यता तपासा. दोन्ही संगणक एकाच दुकानातून जोडून घेतले असतील आणि दुकानदाराने एकाच डिस्कची नक्कल दोन्हींवर उतरवली असेल, तर दोघांचं नावही एकच असू शकतं. मग हाक कुणाला मारली ते कुणालाच कळत नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथं नाव बदला. इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, पंधरा अक्षरांच्या आत.

ओळख: पिन म्हणजे पासवर्ड नव्हे

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त घरं इथं अडतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

वरून फोल्डर उघडायला गेलात की खालचा विचारतो: कोण तू? इथं द्यायचं ते खालच्या संगणकावरच्या खात्याचं नाव आणि त्या खात्याचा पासवर्ड. वरच्या लॅपटॉपचा नाही. ही पहिली गल्लत. दुसरी गल्लत पिनची. रोज संगणक उघडताना आपण चार किंवा सहा आकड्यांचा पिन टाकतो, आणि तोच पासवर्ड आहे असं मनात बसतं. पिन फक्त त्याच यंत्रासमोर बसलेल्या माणसासाठी असतो, जाळ्यावरून तो चालत नाही. हजार वेळा बरोबर टाका, हजार वेळा नकार येईल. तिसरी गल्लत, खात्याला पासवर्डच नसणं. "घरचाच संगणक आहे, पासवर्ड कशाला," म्हणून बरेच जण ठेवत नाहीत. पण बिनपासवर्डच्या खात्याला विंडोज जाळ्यावरून आत येऊच देत नाही. चौकट मोकळी सोडून एंटर दाबत बसण्यात अर्थ नाही.

विंडोज ११ च्या २०२४ च्या अपडेटनंतर आणखी एक संदेश लोकांना घाबरवतो. तो म्हणतो, तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे बिनओळखीच्या पाहुण्याला आत सोडता येत नाही. घरचा लॅपटॉप, कसली संस्था? अर्थ साधा आहे. पूर्वी पासवर्डशिवाय "गेस्ट" म्हणून आत जाता यायचं, प्रो आवृत्तीत ते आता मुळातच बंद ठेवलंय. गेस्टची वाट परत उघडण्याच्या युक्त्या सापडतील, पण सरळ ओळख देणं सोपं आणि सुरक्षित.

म्हणून माझा सल्ला: भावाच्या खात्याचा पासवर्ड कुणाला देऊ नका. खालच्यावर फक्त याच कामासाठी एक वेगळं खातं काढा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूझर्स, अ‍ॅड अकाउंट. विंडोज ईमेल विचारेल. तिथं "या माणसाची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही" अशा अर्थाचा दुवा निवडा आणि पुढच्या पानावर "मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय वापरकर्ता जोडा" हा. विंडोज १० मध्ये "अदर यूझर्स" चा भाग फॅमिली असं लिहिलेल्या पानावर आहे. नाव द्या, इंग्रजीत "वाचक" असं काहीतरी. पासवर्ड लांब ठेवा, पण पुतणीला लक्षात राहील असा.

आता वर जा आणि नाव-पासवर्डची चौकट आली की नावाच्या जागी आधी खालच्या संगणकाचं नाव, मग एक उलटी तिरकी रेषा, मग खात्याचं नाव लिहा, म्हणजे दुकान\वाचक. संगणकाचं नाव जोडल्याने वरच्याला कळतं की हे खातं त्याचं स्वतःचं नाही. खाली "लक्षात ठेव" ला खूण करा.

एवढं करूनही नकारच येत असेल तर वरच्याने जुनी चुकीची ओळख जपून ठेवली असेल आणि तो न विचारता तीच पुढे करत असेल. कंट्रोल पॅनेलमध्ये "क्रेडेन्शियल मॅनेजर" उघडा, "विंडोज क्रेडेन्शियल्स"मध्ये खालच्याचं नाव किंवा पत्ता शोधा आणि ती नोंद काढून टाका. लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा. आता तो नव्याने विचारेल. खालच्याचा पासवर्ड बदलला की प्रत्येक वेळी हे करावं लागतं.

किल्ली: दोन कुलपं, लहान हक्क मोठा

फोल्डर वाटण्याआधी ते योग्य जागी ठेवा. डेस्कटॉपवरचं, म्हणजे संगणक उघडल्यावर समोरच्या पडद्यावर दिसणारं, फोल्डर शेअर करू नका. विंडोजचा सोपा मार्ग वापरताना कधी कधी सगळ्या वापरकर्त्यांचं मूळ फोल्डरच जाळ्यावर येतं. डी ड्राइव्हवर नवं फोल्डर करा, त्यात फक्त द्यायच्या फाइल्स ठेवा.

त्यावर उजवं बटण, प्रॉपर्टीज. इथं दोन टॅब आहेत आणि दोन वेगळी कुलपं. "शेअरिंग" टॅबमधलं "अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग" आणि त्यातलं "परमिशन्स" हे जाळ्यावरून येणाऱ्यासाठी. "सिक्युरिटी" टॅबमधलं कुलूप डिस्कवरच्या फाइलचं स्वतःचं. जाळ्यावरून येणाऱ्याला दोन्ही उघडावी लागतात, आणि दोन्हींतला जो हक्क कमी तोच लागू होतो. शेअरिंगमध्ये सगळं दिलं आणि सिक्युरिटीत खात्याचं नावच नाही, तर नकार. सिक्युरिटीत सगळं आहे आणि शेअरिंगमध्ये फक्त "रीड", तर वाचता येईल, बदलता येणार नाही. एक टॅब दुरुस्त करून लोक दुसरा विसरतात.

शेअरिंगच्या परमिशन्समधून "एव्हरीवन" काढा, "वाचक" जोडा, "रीड" ला खूण करा. मग सिक्युरिटीत एडिट, अ‍ॅड, वाचक, आणि "रीड अँड एक्झिक्यूट".

फोल्डर उघडतं पण त्यातली एखादीच फाइल अडते, असंही होतं. ती फाइल बहुधा त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरातून कट-पेस्ट करून आणलेली असते आणि जुने हक्क सोबत घेऊन आलेली असते. कॉपी-पेस्ट केली तर ती नव्या फोल्डराचे हक्क घेते. आणि जुन्या संगणकाची डिस्क काढून नव्यात लावली असेल, तर सिक्युरिटीत मालकाच्या जागी नावाऐवजी लांबलचक आकडा दिसतो. तो मालक आता अस्तित्वातच नाही. "अ‍ॅडव्हान्स्ड"मध्ये जाऊन मालक बदलून घ्यावा लागतो.

"काल चालू होतं की"

आता पुतणीच्या त्या रात्रीकडे येतो. तिच्या लॅपटॉपच्या पडद्यावर खालच्या फोल्डराचा शॉर्टकट होता. तो उघडला की बराच वेळ हिरवी पट्टी सरकायची आणि मग शून्य-एक्स-८००७००३५. म्हणजे रस्ता किंवा दरवाजा. शिक्का प्रायव्हेट होता. खालचा जागा होता. दोघं एकाच वाय-फायवर. खालच्यावर आयपीकॉन्फिग केलं तर १९२.१६८.१.४. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये बघितलं तर \\१९२.१६८.१.७.

संध्याकाळी दोन तास लाईट नव्हती. लाईट आल्यावर राउटर नव्याने सुरू झाला आणि यंत्रं ज्या क्रमाने जागी झाली त्या क्रमाने त्याने पत्ते वाटले. भावाच्या संगणकाचा जुना पत्ता आता टीव्हीकडे होता आणि पुतणीचा शॉर्टकट इमानाने टीव्हीचं दार ठोठावत होता.

आपल्याकडे लाईट जाणं रोजचं, त्यामुळे "आपोआप बिघडलं" अशा तक्रारींमध्ये हे कारण मी सगळ्यात आधी तपासतो. उपाय दोन. शॉर्टकट पत्त्याऐवजी नावाने करा, \\दुकान असा. किंवा राउटरमध्ये "अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन" करून खालच्याला कायमचा एक पत्ता देऊन टाका. आम्ही दोन्ही केलं, आणि राउटरला लहान यूपीएसही लावला.

मोठ्या फाइल्स असतील तर वाय-फायच्या भरवशावर राहू नका. महिन्याच्या रेकॉर्डिंग्ज ४० जीबी होतात. दोन्ही यंत्रं लॅन वायरने जोडली तर १०० एमबीपीएसच्या जोडणीवर तासभर लागतो, गिगाबिटवर सहा-सात मिनिटं. गिगाबिटचं यंत्र असूनही तासच लागत असेल तर वायर बघा. आतल्या आठही तारा शाबूत लागतात, टोकाची एखादी तार सुटली की वेग १०० वर येतो.

पुसलेली फाइल परत येत नाही

हे आमच्याच घरात घडलंय. पूर्वी एकदा दुरुस्तीला बोलावलेल्या माणसाने पूर्ण डी ड्राइव्ह "एव्हरीवन"ला "फुल कंट्रोल" देऊन शेअर केला होता. फोल्डर उघडत होतं, म्हणून आम्ही पुढे बघितलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत धाकटा पुतण्या ताईच्या लॅपटॉपवर खेळ उतरवायला बसला. जागा कमी पडली. समोर दिसणारी "जुनी" फोल्डरं लॅपटॉपवरच आहेत असं समजून त्याने पुसून टाकली. त्यात सोयाबीनच्या अख्ख्या हंगामाच्या पट्ट्या होत्या.

भाऊ म्हणाला, रिसायकल बिनमध्ये असेल. वर बघितलं, नव्हतं. खाली बघितलं, नव्हतं. जाळ्यावरून पुसलेली फाइल कुठल्याच रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते. "कायमची पुसू का" असं विंडोज विचारतं, पण दहा वर्षांचं लेकरू "येस" दाबून मोकळं होतं. भावाने दुकानातल्या कच्च्या वह्या आणून तीन दिवस बसून सगळं परत लिहून काढलं. लेकराला कुणी रागावलं नाही. चूक त्याची नव्हतीच, किल्ली त्याच्या हातात आम्ही दिली होती.

त्यामुळे आता हिशोबाचं फोल्डर शेअर केलेलंच नाही. अभ्यासाचं फोल्डर "वाचक"ला फक्त वाचायला. पुतणीला सोडवलेले पेपर खाली ठेवायचे असतात, म्हणून "उत्तरं" नावाचं वेगळं लहान फोल्डर आहे आणि तेवढ्याच फोल्डरात तिला लिहायचा हक्क आहे. भाऊ दर रविवारी हिशोबाची एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेतो आणि डिस्क काढून कपाटात ठेवतो.

तुमचं काम झालं असं वाटलं की एक शेवटची तपासणी करा. खालच्या अभ्यासाच्या फोल्डरात रिकामी टेक्स्ट फाइल तयार करा, नाव काहीही द्या. वर जाऊन ती उघडून बघा, उघडली पाहिजे. मग ती तिथूनच पुसायचा प्रयत्न करा. नकार आला पाहिजे. पुसली गेली तर परत खाली या आणि दोन्ही टॅब पुन्हा उघडा. कुठेतरी "एव्हरीवन" अजून बसलेला असणार.